पूड पुरे झाली, स्फटिक हवा

२०१० साली दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगारबाजारात एक जुनं यंत्र फोडलं गेलं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने लिलावात काढलेलं हे यंत्र कित्येक वर्षं वापराविना पडून होतं आणि त्याच्या पोटात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी धातू शिल्लक होता. ज्यांनी तो धातू हाताळला त्यांची कातडी काळी पडली, केस गळले. एक जण दगावला. बाजारात एवढी माणसं होती, वजनकाटे होते, चुंबकं होती, लोखंड कुठलं आणि स्टेनलेस कुठलं हे नखाने ओळखणारे जुने व्यापारी होते. किरणोत्सर्ग ओळखणारं मात्र काहीच नव्हतं. माणसं आजारी पडली आणि डॉक्टरांना संशय आला, तेव्हा कुठे हे उघडकीस आलं.

त्याआधी दोनच वर्षं फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं होतं. ती बटणं भारतातून गेलेल्या पोलादाची होती आणि माग काढत तपास महाराष्ट्रातल्या एका ओतशाळेपर्यंत पोचला होता. भंगारात आलेला एखादा किरणोत्सर्गी तुकडा भट्टीत वितळला की तो मग तुकडा राहत नाही, सगळ्या घाण्यात मिसळतो. त्याला भट्टीच्या दारातच अडवावं लागतं.

दारात अडवायचं तर ते दिसलं पाहिजे. कोबाल्ट-६० सारख्या पदार्थातून निघणारे गॅमा किरण दिसत नाहीत, त्यांचा वास येत नाही, हाताला चटकाही बसत नाही. त्यांना दिसतं करणारे जे मोजके पदार्थ माणसाने शोधले, त्यांना सिंटिलेटर म्हणतात. किरण आत शिरला की या पदार्थात क्षणभर बारीकशी चमक उठते आणि मंद प्रकाशाचं विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या प्रकाशनलिकेने ती मोजता येते. कर्करोगाच्या रुग्णाचा पेट स्कॅन, बंदरातली कंटेनरची तपासणी, अणुभट्टीवरची पाळत, अवकाशातून येणाऱ्या कणांचा अभ्यास, या सगळ्यांच्या मुळाशी हीच चमक आहे. असे नवे पदार्थ घडवण्याचं काम आपल्या देशात ज्या पद्धतीने चाललंय, ती पद्धत बदलायला हवी असं मला ठामपणे वाटतं. आपण पूड करण्यात हुशार झालो आहोत. स्फटिक वाढवण्याचं काम मात्र दोन-चार संस्थांवर सोडून मोकळे झालो आहोत.

पूड आणि स्फटिक यांतला फरक स्वयंपाकघरात रोज दिसतो. पिठीसाखर आणि खडीसाखर, दोन्ही साखरच. पण खडीसाखरेचा खडा उजेडात धरला तर आरपार दिसतं, आणि पिठीसाखर पांढरीफटक, अपारदर्शक. प्रकाश प्रत्येक कणावर आपटून विखुरतो आणि आतच हरवतो. सिंटिलेटरचंही तसंच. आत उठलेली चमक बाहेर नळीपर्यंत पोचली नाही तर ती उठून न उठल्यासारखी. गॅमा किरण अडवायला काही सेंटिमीटर जाडीचा, जड आणि काचेसारखा नितळ ठोकळा लागतो. चिमूटभर पूड अतिनील दिव्याखाली कितीही सुंदर चमकली, तरी त्या ठोकळ्याचं काम ती करत नाही.

हे मी दुरून सांगत नाही. मी विदर्भातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि माझा स्वतःचा प्रबंध फॉस्फर, म्हणजे ऊर्जा शोषून प्रकाश देणाऱ्या, पुडीवरचा आहे. नागपूर-अमरावतीच्या पट्ट्यात या विषयाची जुनी परंपरा आहे. प्रकाश देणाऱ्या पदार्थांवर इथल्या प्रयोगशाळांनी दशकानुदशकं काम केलंय, आणि ते काम वाया गेलेलं नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने देशातल्या किरणोत्सर्गी कामगारांच्या छातीवरच्या बिल्ल्यासाठी डिस्प्रोशियम मिसळलेलं कॅल्शियम सल्फेट वापरात आणलं. ती पूडच आहे, आणि हजारो माणसांना मिळालेली किरणोत्सर्गाची मात्रा तिने इमानाने मोजली. पण त्या बिल्ल्याची गरजच वेगळी. तो महिनोन्महिने मात्रा साठवतो आणि नंतर तापवून वाचला जातो. समोरून ट्रक जातोय, त्यात काय आहे ते दहा सेकंदांत सांगा, असं विचारणाऱ्याला बिल्ला उत्तर देऊ शकत नाही.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण या विषयाचा इतिहासच माझं म्हणणं सर्वात चांगलं मांडतो.

१९०९ च्या सुमारास मँचेस्टरला रदरफर्डच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन अंधाऱ्या खोलीत बसून झिंक सल्फाइडच्या पडद्यावरच्या ठिणग्या डोळ्यांनी मोजत होते. डोळे अंधाराला सरावेपर्यंत आधी बराच वेळ नुसतं बसायचं, मग मोजायचं, डोळे थकले की थांबायचं. अणूला केंद्रक असतं हे या ठिणग्यांच्या मोजणीतून कळलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डोळ्याची जागा प्रकाशनलिकेने घेतली. १९४८ मध्ये रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी सोडियम आयोडाइडमध्ये चिमूटभर थॅलियम घालून पाहिलं आणि या क्षेत्राचं चित्रच पालटलं. ते मीठ एक मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेमागे सुमारे ३८,००० प्रकाशकण देतं. किरणाची ऊर्जा जेवढी, चमक तेवढी, म्हणून चमक मोजून किरण कुठल्या अणूतून आला हे सांगता येतं. पाऊणशे वर्षं उलटली तरी ते मीठ आजही कामावर आहे.

ते मीठच असल्यामुळे त्याला पाणी सुटतं. कोकणातल्या घरात जुलै महिन्यात मिठाच्या बरणीचं जे होतं, तेच उघड्या ठेवलेल्या सोडियम आयोडाइडचं होतं. म्हणून ते धातूच्या डबीत, काचेच्या खिडकीमागे बंद करून ठेवावं लागतं. मुंबईच्या दमट हवेत असे स्फटिक वाढवायचे, कापायचे, घासायचे तर हवेतली ओल काढून टाकणाऱ्या बंद पेट्या लागतात, त्यांत हातमोजे घालून काम करणारे कसबी हात लागतात. शोधनिबंधात या सगळ्याला एक ओळ मिळते.

याच हॉफस्टॅटर यांची दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. १९६८ मध्ये त्यांना युरोपियम घातलेल्या स्ट्रॉन्शियम आयोडाइडचं पेटंट मिळालं. त्यानंतर चाळीस वर्षं त्या पदार्थाकडे जवळपास कोणी वळून पाहिलं नाही, कारण हाती येणारे स्फटिक फारसे चांगले नव्हते. २००८ च्या सुमारास अमेरिकेत लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतल्या गटाने तोच पदार्थ पुन्हा हातात घेतला, कच्चा माल नीट शुद्ध केला, स्फटिक काळजीपूर्वक वाढवला, आणि जगातल्या सर्वाधिक प्रकाश देणाऱ्या सिंटिलेटरांपैकी एक हाती आला. सूत्र तेच होतं, मूलद्रव्यंही तीच. बदलली ती शुद्धता आणि धीर. "नवा पदार्थ" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नवं रासायनिक सूत्र येतं. पण या क्षेत्रातला अर्धाअधिक नवेपणा जुन्या सूत्रातला मळ काढण्यात असतो. या कामाला आपल्याकडे प्रतिष्ठा नाही. बढतीच्या वेळी शोधनिबंध मोजले जातात. दोन वर्षं घालवून एका मिठातली अशुद्धता दशलक्षांश भागापर्यंत खाली आणणाऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं, हे कुठल्याच अर्जात नसतं.

स्फटिक वाढवणं म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एका मुशीत पदार्थ वितळवायचा. त्या रसाला बारीकसा बीज-स्फटिक टेकवायचा आणि फिरवत फिरवत, तासाला एखादा मिलिमीटर, अशा वेगाने वर ओढायचा. दहा सेंटिमीटरच्या स्फटिकाला चार दिवस, आणि मग तो थंड करायला आणखी काही दिवस. मध्येच वीज गेली, तापमान दोन अंशांनी हललं, तर आतून तडा जातो आणि सगळं काम पुन्हा मुशीत. माझ्या विद्यार्थिदशेत विदर्भात रोज कित्येक तास भारनियमन असायचं. आमच्या विभागात स्फटिक वाढवण्याचा विचारही कोणी करत नव्हतं. पूड मात्र भट्टीत चार तासांत तयार होते, वीज यायच्या आणि जायच्या वेळा पाहून. आमची पिढी पुडीकडे वळली त्यामागे बुद्धीचा अभाव नव्हता, वीज नव्हती. आज परिस्थिती सुधारली, सवय मात्र राहिली.

आता हा प्रश्न अभ्यासकांपुरता का उरलेला नाही, ते सांगते. आजच्या पेट स्कॅनरमध्ये प्रामुख्याने लुटेशियमचे स्फटिक असतात. हा पदार्थ १९९० च्या सुमारास तेलविहिरींची चाचणी करणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत घडला आणि नंतर कर्करोगाच्या निदानासाठी वापरला जाऊ लागला. लुटेशियमच्या स्फटिकात बहुधा इट्रियमही मिसळतात. सध्या नावाजलेला दुसरा स्फटिक गॅडोलिनियम, गॅलियम आणि ॲल्युमिनियमचा गार्नेट. तिसरा, जुना आणि भरवशाचा, बिस्मथ आणि जर्मेनियमचा. आता तारखा पाहा. १ ऑगस्ट २०२३ पासून चीनने गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. ४ एप्रिल २०२५ ला सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांवर तसंच नियंत्रण आणलं. त्या यादीत लुटेशियम, गॅडोलिनियम आणि इट्रियम तिन्ही आहेत. म्हणजे रुग्णालयांना लागणाऱ्या तिन्ही प्रमुख स्फटिकांच्या किल्ल्या एकाच घरात आहेत. नियंत्रण म्हणजे बंदी नव्हे, परवाना मिळतोही. पण परवान्याच्या रांगेत उभं राहणाऱ्याने आपल्या अंगणात काय आहे ते एकदा पाहून घ्यावं.

चीनकडे ही ताकद केवळ खाणींमुळे आली नाही, आणि हा भाग आपल्याकडच्या चर्चेत नेहमी सुटतो. १९८० च्या दशकात जिनिव्हाजवळ सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या एल-३ या प्रयोगाला बिस्मथ-जर्मेनियमचे सुमारे ११,००० स्फटिक हवे होते. ते काम शांघायच्या सिरॅमिक्स संस्थेने घेतलं. त्या एका मोठ्या मागणीने संस्थेला भट्ट्या मिळाल्या, कसबी माणसं मिळाली, चुका करायला जागा मिळाली. पुढे सर्नच्याच सीएमएस प्रयोगाला लेड टंगस्टेटचे ७५,८४८ स्फटिक लागले. त्यातले बहुतांश रशियातल्या बोगोरोदित्स्कने आणि उरलेले शांघायने पुरवले. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणातून निघालेले दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, पकडणारे हेच ते स्फटिक. आणि मग डोक्यापासून पायापर्यंत सगळं शरीर एकाच वेळी टिपणारा पहिला पेट स्कॅनर शांघायच्याच कंपनीने कॅलिफोर्नियाच्या शास्त्रज्ञांबरोबर घडवला, तेव्हा त्यात ५,६४,४८० स्फटिक होते. हा प्रवास तीसेक वर्षांचा आहे. सुरुवातीला कोणीतरी सांगितलं होतं, तुम्ही वाढवा, आम्ही विकत घेऊ. आपल्याकडे वाढवणारे आहेत, पण ते दुसरं वाक्य म्हणणारं कोणी नाही.

वाढवणारे आहेत, हे नुसतं दिलासा देण्यासाठी म्हणत नाही. तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात सोडियम आयोडाइड, सिझियम आयोडाइड वाढवले जातात आणि गॅडोलिनियम-गॅलियम गार्नेटचे स्फटिकही तिथे वाढवले गेले आहेत. तिकडे उटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ग्रेप्स-३ या वैश्विक किरणांच्या प्रयोगात डोंगरउतारावर सुमारे चारशे प्लॅस्टिक सिंटिलेटर मांडलेले आहेत. बाहेरून आणणं परवडेना, तेव्हा तिथल्या लोकांनी ते स्वतः ओतायला घेतले. गरज समोर उभी असली आणि वर्षानुवर्षं तीच माणसं त्याच कामावर राहिली, की आपल्याकडेही हे होतं.

मग निवड कशी करायची? माझं मत स्पष्ट आहे. सर्वात जास्त प्रकाश देणाऱ्या सूत्रामागे धावू नये. आपल्या मातीत काय आहे आणि आपल्या दारात कुठला प्रश्न आहे, या दोन गोष्टींवरून ठरवावं. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवरच्या वाळूत मोनाझाइट हे खनिज आहे. त्यातल्या दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांत सर्वात मोठा वाटा सिरियमचा आणि त्याखालोखाल लँथेनमचा. लुटेशियम त्यात नावापुरतं. आता योगायोग पाहा. २००१ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी सिरियम घातलेलं लँथेनम ब्रोमाइड जगापुढे आणलं. सिझियम-१३७ ची ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा सोडियम आयोडाइडमध्ये सुमारे सात टक्के रुंद दिसते, या पदार्थात सुमारे तीन टक्के. रेषा जितकी बारीक, तितकं किरण कुठल्या अणूतून आला हे ओळखणं सोपं. बंदरावर याच फरकाला किंमत आहे. न्हावाशेव्याला रोज हजारो कंटेनर हलतात. अशा ठिकाणी जगभर मोठ्या प्लॅस्टिक सिंटिलेटरच्या चौकटी बसवतात, कारण त्या स्वस्त. पण त्या फक्त "काहीतरी आहे" एवढंच सांगतात. पोटॅश खत, ग्रॅनाइट, फरशा, केळी, यांतलं नैसर्गिक पोटॅशियम-४० सुद्धा घंटा वाजवतं. घंटा खोटी असल्याचा अनुभव दहादा आला की अकराव्या वेळी माणूस मान वर करत नाही, आणि खरा कोबाल्टचा तुकडा नेमका तेव्हाच येऊ शकतो. बारीक रेषा वेगवेगळ्या ओळखणारा स्फटिक दुसऱ्या फेरीच्या तपासणीला हाताशी हवा.

लँथेनम ब्रोमाइडला खोटही आहे, आणि ती लपवून माझा मुद्दा मजबूत होणार नाही. नैसर्गिक लँथेनममध्ये लँथेनम-१३८ अगदी थोडं असतं, ते स्वतःच किरणोत्सर्गी, त्यामुळे स्फटिक आतूनच कुजबुजत राहतो. त्याची रचना षट्कोनी आहे. थंड होताना तो सर्व दिशांना सारखा आकसत नाही, आणि मोठा स्फटिक तडकतो. हवेतली ओल तर तो सोडियम आयोडाइडपेक्षाही हावरटपणे पितो. सिरियम ब्रोमाइडमध्ये लँथेनम नाही, म्हणून ती कुजबुजही नाही. रेषा थोडी रुंद, चार टक्क्यांच्या आसपास, पण कामाला पुरून उरते. कच्चा माल आपल्या वाळूत. ओलीचा आणि तडे जाण्याचा प्रश्न इथेही आहे, आणि खरं संशोधन त्यावरच करायचंय. यात चमकदार मथळा नाही. कुठल्या कंपनाने तडा जातो, कुठल्या वेगाने थंड केलं तर वाचतो, ब्रोमाइड किती कोरडं केलं म्हणजे पुरे, असे प्रश्न आहेत.

रुग्णालयांच्या बाबतीत मला पोलंडचं उदाहरण फार मोलाचं वाटतं. क्राकोच्या यागेलोनियन विद्यापीठातल्या गटाने पेट स्कॅनरसाठी महागडे स्फटिक बाजूला ठेवून प्लॅस्टिक सिंटिलेटरच्या लांब पट्ट्या वापरायचं ठरवलं. प्लॅस्टिक हलकं, गॅमा किरण अडवायला कमजोर, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्याची चमक अतिशय झटपट विझते, म्हणून वेळ काटेकोर मोजता येतो, आणि पट्ट्या लांब केल्या की शरीराचा मोठा भाग एकदम टिपता येतो. त्यांनी यंत्र उभं केलं, माणसांची चित्रंही घेतली. आपल्याला काय परवडतं इथून त्यांनी सुरुवात केली आणि विज्ञान तिथपर्यंत नेलं. मुंबईत परळच्या विकिरण वैद्यक केंद्रात २००२ मध्ये देशातलं पहिलं पेट स्कॅनर आणि सायक्लोट्रॉन आलं. त्याला दोन दशकं उलटली तरी विदर्भ-मराठवाड्यातल्या कित्येक जिल्ह्यांतून एका स्कॅनसाठी रुग्णाला अजूनही दुसऱ्या शहरात मुक्काम करावा लागतो. उटीला प्लॅस्टिक ओतणारा देश हा प्रयोग करू शकत नाही, हे मला पटत नाही.

काही सहकारी म्हणतात, आता संगणकच नवे सिंटिलेटर सुचवेल, लाखो संयुगांतून चाळून देईल. चाळून देईल, नक्की. २०१८ पासून पेरॉव्हस्काइट या खास स्फटिकरचनेच्या पदार्थांच्या सूक्ष्म कणांनी क्ष-किरणांखाली जे तेज दाखवलं त्याचं मलाही कौतुक आहे, आणि क्ष-किरणांच्या पातळ पडद्यांसाठी त्यांना भविष्य आहे. पण त्यांतल्या अनेकांत शिसं आहे, बरेच हवेत टिकत नाहीत, आणि जाड ठोकळा करायला गेलं की पुन्हा पिठीसाखरेचीच अडचण. संगणक सूत्र देतो. मुशीतल्या रसावर तरंगणाऱ्या स्फटिकाची कड पाहून तापमान अर्ध्या अंशाने कमी करणारा तंत्रज्ञ तो देत नाही. असे तंत्रज्ञ देशात थोडे, आणि एक निवृत्त झाला की त्याची जागा भरायला वर्षं जातात. जागा भरली तरी वीस वर्षांचं पाहणं त्याच्यासोबत गेलेलं असतं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे पण लांब पल्ल्याची. दोन किंवा तीनच पदार्थ निवडा. त्यांना तीन नव्हे, दहा वर्षं द्या. अखंड वीज, कोरड्या हवेच्या पेट्या आणि कायमस्वरूपी तंत्रज्ञ, हे पैसे आधी ठेवा, उपकरणांचे नंतर. बंदरं, पोलाद भट्ट्या आणि सरकारी रुग्णालयं यांनी आजच लिहून द्यावं, अमुक दर्जाचा स्फटिक तयार झाला तर इतके नग आम्ही घेऊ. आणि विद्यापीठांनी पुडीच्या संशोधकांना या साखळीत जोडावं. कुठलं अशुद्ध मूलद्रव्य चमक खातं हे शोधण्यात आमच्यासारख्यांचा हात बसलेला आहे. ते ज्ञान स्फटिकापर्यंत पोचवायला फक्त वाट हवी.

गेल्या महिन्यात एक विद्यार्थिनी बशीत पांढरी पूड घेऊन आली. अतिनील दिव्याखाली धरली तर निळी, स्वच्छ चमक. तिने विचारलं, "मॅडम, याचा स्फटिक होईल का?" मी तिच्यासोबत बसून हिशेब मांडला. वितळणबिंदू, मूस कुठली, किती दिवसांची अखंड वीज, तडा जाण्याची शक्यता, आणि देशात हे कुठे करता येईल. यादीत दोन नावं आली. दोन्हीकडे तिच्या नावे पत्र लिहून दिलंय. उत्तर येईपर्यंत ती तीच पूड तिसऱ्यांदा शुद्ध करते आहे.